रयतेच्या हाती रोकड

छत्रपती शिवाजी महाराजांनी 5 सप्टेंबर 1676 रोजी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस धाडलेले पत्र इतिहासाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. परंतु शेतकऱ्यास द्यावयाच्या साहाय्याचा विचार आपल्याकडे कसकसा घडत व मोडत गेला हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने ते पुन्हा एकवार सावकाश वाचावे, असे मला फार दिवसांपासून वाटते. सुभेदाराने गावोगाव हिंडून कुणबी गोळा करावे, ज्याच्यापाशी माणूसबळ आहे पण बैल, नांगर व पोटास दाणे नाहीत अशास बैलांसाठी रोख पैका व खावयास धान्य द्यावे, आणि दिलेल्या रकमेवर वाढीदिढी न आकारता केवळ मुद्दल, तेही त्यास जसजशी ऐपत येईल तसतसे, हळूहळू उगवून घ्यावे, असा त्या पत्राचा आशय आहे. आणि या कामी दोन लाख लारींपर्यंत खर्च करण्याची मुभाही त्यात दिलेली आहे. लारी हे इराणातील लार येथून नाव मिळालेले, चांदीची तार दुमडून घडविलेले नाणे. ते आखातातल्या व्यापारी गलबतांबरोबर कोकणपट्टीत उतरले आणि पुढे आदिलशाहीने तशीच लारी दाभोळास पाडली. त्या आखाताच्या अलीकडच्या काठी, दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत राहून मी हे लिहीत आहे, आणि येथून महिन्याच्या महिन्यास महाराष्ट्रातील शेतकरी कुटुंबांकडे जाणारा पैसा पाहत असता त्या पत्राचे स्मरण मला वारंवार होते.

त्या आज्ञेत राज्याचा स्वार्थ नव्हता असे नाही. पडीक जमीन लागवडीस आली म्हणजे वसूल वाढतो, हा हिशेब त्यामागे उघडच होता. परंतु बैल घेण्यासाठी दिलेला पैसा कुणबी बैलासाठीच खर्चील, आणि दोन हंगाम साधले की तो आपण होऊन मुद्दल फेडील, हा विश्वास त्या हिशेबाच्या मुळाशी होता. पुढील दोनशे वर्षांत नेमका हाच विश्वास लोपला, असे माझे मत आहे.

12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चालून जाऊन कर्जरोखे जाळले. त्यांचा रोख माणसांपेक्षा दस्तऐवजांवर अधिक होता, ही गोष्ट चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाच्याही लक्षात आली, आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांस सावकारी जाचातून सोडविण्याचा कायदा झाला. परंतु मधल्या 1876–78 च्या भीषण दुष्काळात सरकारने जे धोरण पत्करले त्यात अविश्वासाला तत्त्वाचे रूप आले. धडधाकट माणसास फुकट काही देऊ नये, त्यास खडी फोडावयास लावावे, आणि त्या श्रमाची मजुरी इतकी तुटपुंजी असावी की खरोखरीच उपाशी असलेल्याखेरीज कोणी तेथे फिरकू नये, असा तो दंडक होता. इंग्रज अधिकारी रिचर्ड टेम्पल यांनी ठरविलेल्या, दिवसाला एक पौंड धान्य व वर किरकोळ नाणे अशा मजुरीविरुद्ध पुण्याच्या सार्वजनिक सभेने केलेली तक्रार न्याय्य होती. तरीही फुकट पैशाने मनुष्य आळसावतो ही समजूत दुष्काळसंहितांत शिरली ती शिरलीच. 1883 व 1884 च्या कायद्यांनी तगाईची सोय झाली खरी, पण ती मिळवावयाची म्हणजे अर्ज, जमिनीचे तारण, पंचनामा, आणि मामलेदार कचेरीचे हेलपाटे. रक्कम हाती पडेपर्यंत पेरणीची वाफ निघून गेलेली असे, आणि शेतकरी त्याआधीच सावकाराच्या ओट्यावर जाऊन आलेला असे. जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये पुऱ्या केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सारापट्टी आणि कचेरीतील कारकुनी या दोहोंकडून होणाऱ्या पिळवणुकीचे जे चित्र काढले, त्यावरून एवढे स्पष्ट होते की, शेतकऱ्याकडून पैसा नेणारी वाट सरळ व रुंद होती आणि त्याच्याकडे पैसा आणणारी वाट वळणावळणाची होती.

स्वातंत्र्यानंतर या विचाराला खरी कलाटणी दिली ती विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी. तासगाव तालुक्यात 1965 साली त्यांनी ज्या कल्पनेचा प्रयोग करविला, तीच 1972 च्या दुष्काळात राज्यभर रोजगार हमी योजना म्हणून उभी राहिली आणि 1977 च्या कायद्याने हक्क ठरली. येथेही मोबदला श्रमाचाच होता, खडी येथेही फुटतच होती. परंतु काम देणे हे सरकारचे कर्तव्य आणि ते मागणे हा माणसाचा अधिकार, असे मानल्याने तीच खडी फोडणाऱ्याच्या मानेचा बाक पुष्कळसा सरळ झाला. त्याहून मोठी गोष्ट अशी की, बांधबंदिस्तीच्या व पाझर तलावांच्या कामांवर बायका मोठ्या संख्येने आल्या, हजेरीपटावर त्यांचे स्वतंत्र नाव लागले आणि आठवड्याची रोकड त्यांच्या स्वतःच्या हाती पडली. शेतात जन्मभर राबूनही जिच्या हाती नाणे म्हणून पडले नव्हते अशा स्त्रीस घरखर्चात शब्द मिळाला. हा बदल पाझर तलावांपेक्षा अधिक टिकाऊ ठरला, असे मला वाटते.

सरकारी विचाराच्या या प्रवाहाशेजारून दुसरा एक प्रवाह वाहत होता आणि त्यास कोणी सिद्धांताचे रूप दिले नाही. 1880 मध्ये टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली, आणि मुंबईच्या गिरण्यांत राबणारा रत्नागिरीकडचा चाकरमानी आपल्या पगारातील हिस्सा गावी धाडू लागला. कोकणातील अपुरी भातशेती शंभर वर्षे त्या पैशाने तगली. जानेवारी 1982 मध्ये गिरण्यांचा संप सुरू होऊन ती आवक खंडित झाली तेव्हा गावोगावच्या चुलींना जी झळ लागली, तिच्यावरून त्या छोट्या रकमांचे महत्त्व समजावे.

त्याच वाटेवरचा पुढचा मुक्काम म्हणजे आखात. एके काळी दुबईत हिंदी रुपयाच चालत असे. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळ्या नोटा काढल्या आणि 1966 च्या अवमूल्यनानंतर तेही चलन येथून गेले. आज दिरहम डॉलरशी बांधलेला असल्यामुळे रुपया घसरला की गावी जाणारी रक्कम फुगते. इंटरनॅशनल सिटी ही नखील कंपनीने वसविलेली, चीन, इंग्लंड, पर्शिया, मोरोक्को अशा देशनामांच्या विभागांत वाटलेली वस्ती. बेताच्या भाड्यामुळे बेताच्या पगाराची माणसे येथे राहतात. एका खोलीत बेडस्पेस घेऊन चौघे राहतात आणि पगार झाल्या दिवशी एक्सचेंजच्या खिडकीपाशी रांग लावतात. त्या रांगेतील मराठी बोलण्यात मृगाचा पाऊस, बोअरचे पाणी, बहिणीचे लग्न आणि सोसायटीचे थकलेले कर्ज हे विषय एकमेकांत मिसळलेले असतात. रिझर्व्ह बँकेच्या 2023–24 च्या पाहणीत परदेशांतून येणाऱ्या रकमेचा सर्वांत मोठा वाटा, 20.5 टक्के, महाराष्ट्राकडे आलेला आढळला. त्यातील बराचसा शहरी असणार हे उघड आहे. परंतु ज्या घरी तो शेतावर पोहोचतो तेथे त्याचा पहिला परिणाम कोणता, तर निकड ओसरते. सोयाबीन काढल्याबरोबर पडत्या भावाने विकावे लागत नाही, खळ्यावरून थेट व्यापाऱ्याकडे गाडी न्यावी लागत नाही. थांबता येणे ही श्रीमंतांची मिरास होती. ती काही अंशी गरिबाच्या घरी येते.

शेतकऱ्याच्या हाती थेट रोकड देण्यापर्यंत राज्यसंस्था फार उशिरा पोहोचली. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी सप्टेंबर 2010 मध्ये देशातील पहिला आधार क्रमांक दिला गेला, पाठोपाठ घरोघर बँकखाती उघडली, आणि मधल्या हातांना वगळून रक्कम पोहोचविण्याची यंत्रणा सिद्ध झाली. 2018 मध्ये तेलंगणाने रयतू बंधू योजनेत एकरी चार हजार रुपये हंगामास दिले. 2019 मध्ये केंद्राची पीएम-किसान योजना वर्षास 6000 रुपये तीन हप्त्यांत घेऊन आली. 2023 मध्ये महाराष्ट्राने नमो शेतकरी महासन्मान निधीद्वारे तितकीच भर घातली. ज्यास दोन हजारांचा हप्ता क्षुल्लक वाटतो त्याने भाव विचारून पाहावा: डीएपीचे एक पोते 1350 रुपयांस आणि युरियाचे पोते 266 रुपये 50 पैशांस, म्हणजे एका हप्त्यात डीएपीचे एक व युरियाची दोन पोती बसतात. एवढ्याने दारिद्र्य सरत नाही. पण पेरणीच्या तोंडावर ही पोती उधारीवर न आणता आली, तर दुकानदारालाच माल विकण्याच्या बंधनातून तो हंगाम सुटतो.

आणि आळसाचे काय? मध्य प्रदेशात ‘सेवा’ या कष्टकरी महिलांच्या संघटनेने 2011 मध्ये काही गावांतील प्रत्येक माणसास दरमहा बिनशर्त रक्कम देऊन पाहिली, तेव्हा मजुरीस जाणारी माणसे स्वतःच्या शेताकडे अधिक वळली व जनावरे वाढली. जागतिक बँकेच्या संशोधकांनी अनेक देशांतील पाहण्या एकत्र केल्या, तेव्हा अशा पैशाने दारू-तंबाखूवरील खर्च वाढत नाही असेच दिसून आले. टेम्पलसाहेबांच्या काळापासून चालत आलेली शंका पुराव्यापुढे टिकली नाही.

शरद जोशींचा आक्षेप मात्र निराळा होता व तो मी हलका मानीत नाही. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही त्यांच्या शेतकरी संघटनेची घोषणा होती. निर्यातबंदी करून कांद्याचा भाव पाडावयाचा आणि मग त्याच शेतकऱ्यास हप्ता द्यावयाचा, या व्यवहारात सन्मान शोधावा लागतो. अनुदान हे भावाची भरपाई कधीही होऊ शकणार नाही. तरीही भाव ज्यास विकावयास माल आहे त्यासच मिळतो. ज्या वर्षी पीकच बुडाले त्या वर्षी घामाचे दाम कोण देणार? म्हणून दोन्हींची आवश्यकता मला मान्य करावी लागते.

माझी खरी तक्रार पुढेच आहे. हा सर्व पैसा सातबाऱ्यामागून चालतो. बटाईने कसणारा, भूमिहीन मजूर आणि जिच्या नावे गुंठाही नाही अशी शेतकरीण यांच्यापर्यंत तो पोहोचत नाही. ओडिशाच्या कालिया योजनेने 2018 मध्ये वाटेकरी व भूमिहीन यांस सामावून घेतले, ते आपण अजून केलेले नाही. अनिवासी भारतीयास पीएम-किसानमधून वगळले आहे, आणि ते योग्यच आहे. पण येथे राहणाऱ्याच्या नावाची जमीन गावी बहुधा त्याची बायको कसते. पैसा धाडणाऱ्या आम्हा मंडळींची वागणूकही सरकारी कचेरीहून फार वेगळी नाही: रक्कम वडिलांच्या नाहीतर भावाच्या खात्यावर जाते, तिच्या हाती लागेल तितकी लागते, आणि फोनवर पै-पैचा हिशेब मात्र तिला विचारला जातो. 1989 मध्ये शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा गावेच्या गावे पुढे येऊन पुरुषांनी जमिनी पत्नीच्या नावे केल्या होत्या, आणि त्यासाठी कोणी त्यांच्यावर सक्ती केली नव्हती. महाराष्ट्रात पत्नीच्या नावे शेतजमिनीचे बक्षीसपत्र करावयास मुद्रांक शुल्क केवळ 200 रुपये पडते, आणि रजेची वाट न पाहता दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासात मुखत्यारपत्र साक्षांकित करून ते काम येथूनही उरकता येते. रांगेत पुढे-मागे उभ्या राहणाऱ्या माझ्या बांधवांस मी हेच सांगत असतो, की या महिन्याची रक्कम तिच्या खात्यावर घाला आणि फेरफाराचा अर्ज तलाठ्याकडे जाऊ द्या.