मार्ग सोडू पाहणाऱ्याविषयीचा आचार

मार्गात येणाऱ्याचे स्वागत कसे करावे, उपदेश कोणी व कोणास द्यावा, अनुसरणाची योग्यता कशी पारखावी, याविषयी पंथीय ग्रंथांतून आणि आश्रमाश्रमांतील निरूपणांतून विपुल विचार झालेला आहे. ज्याची श्रद्धा डळमळली, जो उपहारास येईनासा झाला, ज्याने आश्रमाची पायरी उतरून मागे पाहिले नाही, त्याच्याशी मात्र मार्गातील माणसांनी कसे वागावे हा प्रश्न बहुधा कुजबुजीतच राहतो. ‘तो भ्रष्ट झाला’ एवढे म्हटले म्हणजे विषय संपला, अशी समजूत रूढ झालेली दिसते. वस्तुतः विषय तेथेच सुरू होतो. कारण भ्रष्ट झाला असे ठरविल्यानंतरही तो मनुष्य त्याच गावात राहतो, त्याला भूक लागते, त्याच्या मुलीचे लग्न व्हावयाचे असते, आणि रात्री त्याला झोप येत नाही.

सिद्धांताच्या दृष्टीने पाहता जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार स्वतंत्र व नित्य पदार्थ होत. जीव हा परमेश्वराचा अंश नव्हे की विकार नव्हे; तो स्वतंत्र आहे. म्हणूनच ज्ञानाचा स्वीकार हा त्याचा स्वतःचा स्वीकार ठरतो. ज्याला नाकारण्याची शक्तीच नाही, त्याच्या होकाराला काय मोल? दोराने बांधून आणलेल्या मनुष्यास शरण आला असे कोणी म्हणत नाही. जो स्वीकार स्वतंत्रपणे होतो, तो स्वतंत्रपणे मागेही घेता येतो. आणि हे दुःखद असले तरी द्वैताच्या भूमिकेशी सुसंगतच आहे.

यावर आक्षेप असा येईल की, ज्याला ज्ञान झालेच नाही त्याच्यापेक्षा ज्ञान होऊन जो ते टाकतो त्याचा दोष थोर मानला आहे. मग त्याच्याशी मृदुपणे वागणे म्हणजे दोषाला सौम्य लेखणे नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे. तथापि दोष थोर असणे ही एक गोष्ट, आणि त्याचे फळ देण्याचा अधिकार कोणाचा ही दुसरी. कर्माचे फळ देणे हा देवतांचा व्यापार आहे, आणि तोही परमेश्वराच्या आज्ञेने चालतो. शेजाऱ्याची, भाऊबंदांची किंवा महंताची नेमणूक या कामावर कोणीही केलेली नाही. जो मनुष्य दुसऱ्याचे पाणी तोडून त्याला त्याच्या अश्रद्धेचे फळ देऊ पाहतो, तो आपल्याकडे नसलेला अधिकार गाजवितो. शिवाय अहिंसा हा ज्या आचाराचा पाया आहे, त्या आचारात हिंसा केवळ हाताने होते असे मानलेले नाही. वाणीने होते, आणि अबोल्यानेही होते.

शंकेचा प्रश्न याहून निराळा आहे. शंका घेणारा म्हणजे अर्धा बाहेर गेलेला, अशी एक समजूत आहे. पंथाचा स्वतःचा इतिहास तिला पुष्टी देत नाही. म्हाइंभट सर्वज्ञांकडे आले ते भक्त म्हणून नव्हे, तर वादात जिंकण्याच्या ईर्ष्येने आलेले पंडित म्हणून. प्रश्न विचारण्याची तीच सवय पुढे लीळाचरित्राच्या उपयोगी पडली. शके १२०० च्या सुमारास रिद्धपुरी त्यांनी लीळा संकलित केल्या, तेव्हा ज्याच्या समोर जी लीळा घडली त्याला गाठून, विचारून, नागदेवाचार्यांकडून तपासून त्यांनी ती घेतली. पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली आणि लीळा आठवणीतून पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. त्या वेळी हिराइसेचा पाठ निराळा, आणखी कोणाचा निराळा, असे ध्यानात आले. भिन्न पाठ पुसून टाकणे सोपे होते. ते तसे न करता कोण काय म्हणतो हे नावानिशी पोथ्यांतून नोंदविले गेले. ज्या परंपरेने आपल्या आराध्याच्या चरित्रातही ‘अमुक असे म्हणतो, तमुक तसे म्हणतो’ हे लपविले नाही, तिच्या अनुयायास ‘मला हे पटत नाही’ एवढे वाक्य आश्रमात उच्चारण्याची भीती वाटावी, हे विपरीत होय.

वाशीम जिल्ह्यातील रिसोड तालुक्याच्या रिठद गावाचे उदाहरण घ्यावे. सोयाबीन-तुरीच्या या मुलखापासून मेहकर आणि लोणार ही श्रीचरणांकित स्थाने फार दूर नाहीत. समजा, रिठदच्या एखाद्या उपदेशी घरातील मुलाच्या मनातून नामाची गोडी गेली. पुण्यामुंबईत तो घर बदलील, नवे मित्र करील, आणि दोन वर्षांत कोणी विचारणार नाही. रिठदला त्याचे वावर आहे. बांधाला बांध लागून चुलत्याचे वावर आहे. पेरणीला बैलजोडी किंवा ट्रॅक्टर मागावयाचा तो त्याच माणसांकडे, सोयरीक जमवावयाची तीही त्यांच्याच ओळखीने. तेथे श्रद्धा सोडणे म्हणजे एक मत सोडणे नसते. ते सगळा शेजार सोडणे होऊन बसते. म्हणून तो सोडीत नाही. तो दंडवत घालतो, पारायणास बसतो, आणि आतून रिकामा होत जातो. अशा मनुष्याला ‘टिकला’ म्हणून मोजणे ही मोजणाऱ्याची फसगत आहे.

आणि येथे एक गोष्ट विसरली जाते. रिठदला काय, अन्यत्र काय, प्रत्येक उपदेशी घराच्या मुळाशी कोणीतरी एक सोडून आलेला मनुष्य असतो. कोणा पणजोबाने कुळाचा देव सोडला, जत्रेचा नारळ सोडला, आणि त्यापायी भावकीचे टोमणे सोसले. खुद्द सर्वज्ञांना पैठणच्या धर्ममार्तंडांचा कोप सोसावा लागला. पंथाच्या पोथ्या शतकानुशतके सांकेतिक लिपीत मिटून राहिल्या, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बाहेरच्या जगाला त्या वाचता आल्या नाहीत. समाजाने वाळीत टाकणे म्हणजे काय हे ज्या पंथाला पुस्तकातून शिकावे लागत नाही, त्याच्याकडून सोडून जाणाऱ्याला अधिक समजुतीची अपेक्षा करण्याचा हक्क आहे.

शंकिताला सोबत कशी द्यावी, याचा एक बोलका पुरावा महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. तो दुसऱ्या धर्मातला आहे, पण त्याने बाध येत नाही. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यासमवेत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याच काळात तेथे आत्मघात केला. आपल्याला सक्तीने बाटविले जाईल या भीतीने त्यांना घेरले होते असे सांगितले जाते. परक्या देशात धर्माच्या प्रश्नाने व्याकूळ झालेले एक मन, आणि ज्याच्यापाशी ते मोकळे करावे असे कोणी नाही. पुढचे सर्व या एका मृत्यूच्या छायेत वाचावे लागते.

बाप्तिस्म्यानंतर रमाबाईंच्या शंका संपल्या नाहीत, उलट वाढल्या. त्रैक्याचा सिद्धांत त्यांना पटेना. ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी त्या प्रश्न विचारू लागल्या. वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. त्यांना या प्रश्नांत अहंकार दिसला आणि त्यांनी तो बोलूनही दाखविला. चेल्टनहॅम येथील महिला विद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी मात्र प्रश्नाला प्रश्न मानले. त्यांचे स्वतःचे मत रमाबाईंहून भिन्न होते, आणि ते त्यांनी लपविले नाही. पण उत्तर देताना समोरची व्यक्ती विचार करीत आहे, बंड करीत नाही, हे गृहीत धरले. हा सगळा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला आहे. प्रत्येक महंताने आणि प्रत्येक उपदेशी घरातील वडीलधाऱ्याने तो एकदा वाचावा असा आहे. दोघीही रमाबाईंचे कल्याण इच्छीत होत्या, यात संशय नाही. पण एकीला आज्ञाधारकपणा हवा होता आणि दुसरीला रमाबाई हव्या होत्या.

घरातला एक जण धर्म सोडतो तेव्हा मागे राहणाऱ्यांचे काय, हे नारायण वामन टिळकांच्या उदाहरणात दिसते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंची त्यांच्यापासून काही वर्षे ताटातूट झाली. पुढे त्या परत आल्या त्या आपला धर्म आणि आपले सोवळे सांभाळून. आणि स्वयंपाक-पाण्याचा हा वेगळेपणा टिळकांनी चालू दिला. जातिभेदाविषयीची शंका पुढे त्यांच्या स्वतःच्या मनात, स्वतःच्या वेळी उगवली. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास कळते की त्या काळात त्यांना सर्वात अधिक छळले ते धर्मतत्त्वांनी नव्हे, तर लोकांच्या कीव करण्याने.

परत येऊ इच्छिणाऱ्याची वाटही याच विषयात मोडते. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय अवघे बारा वर्षांच्या आसपास, मिशनऱ्यांकडे राहिला होता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. मुलगा घरी आला, परंतु जात त्याला घेईना. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्ताने त्याला परत घ्यावे असा पक्ष घेतला आणि सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला. बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडी गेलेल्या अन्नाचा वाद विद्वानांनी एवढा वाढवावा, हे आज वाचताना लाज आणते. आपल्या मार्गातही प्रायश्चित्त आहे आणि अनुतापाला स्थान आहे. मात्र परतणाऱ्याकडून आधी त्याच्या मानहानीची किंमत वसूल करावी, असे त्या आचारात कोठेही सांगितलेले नाही.

कायद्याने काय होते? काही होते, सगळे होत नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मप्रमुखांनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो रद्द ठरविला; धर्माच्या कारणाने केलेला बहिष्कार हा धर्मव्यवहाराचाच भाग आहे, अशी भूमिका बहुमताने घेतली, तर सरन्यायाधीश सिन्हा यांनी भिन्न मत दिले. २०२३ मध्ये हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविण्यात आला. दरम्यान महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला आणि तो २०१७ मध्ये अंमलात आला. बहिष्कार घालणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. पण चुलत्याने बांधावरून जाताना मान फिरविली, तर त्याची फिर्याद कोणत्या ठाण्यात नोंदवावी?

परदेशांत यासाठी स्वतंत्र संस्था उभ्या राहिल्या आहेत. न्यूयॉर्कमध्ये कट्टर यहुदी समाजातून बाहेर पडणाऱ्यांसाठी ‘फूटस्टेप्स’ ही संस्था २००३ पासून शिक्षण, रोजगार आणि सोबत मिळवून देते. ज्यांची श्रद्धा गेली पण ज्यांचा व्यवसायच धर्मोपदेश आहे अशा पाद्रींसाठी ‘क्लर्जी प्रोजेक्ट’ २०११ मध्ये निघाला. या शेवटच्या संस्थेची हकिकत ऐकून हसणारे पुष्कळ भेटतील. हसण्यापूर्वी त्यांनी आपल्या आश्रमांकडे पाहावे. आपल्याकडे अशी संस्था नाही. ज्याचे मन फारच खचले असेल त्याच्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेली मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, आणि ती मराठीतही बोलते. हा क्रमांक आश्रमाच्या फलकावर लिहिण्यात मार्गाला काहीही कमीपणा नाही. मात्र तो लिहून वडीलधाऱ्यांचे कर्तव्य संपत नाही. दूरध्वनीवरचा मनुष्य पेरणीला येऊ शकत नाही.

सर्वात अवघड स्थिती भिक्षुकाची. बालपणी आश्रमात आणून सोडलेला मुलगा पस्तिशी-चाळिशीत म्हणतो की माझे मन येथे नाही. घरच्या जमिनीच्या वाटणीत त्याला कोणी धरलेले नाही. त्याचे नाव आश्रमात बदललेले, शाळा अर्धवट राहिलेली, हाताला कोणताही धंदा नाही. येते ते सूत्रपाठ मुखोद्गत म्हणणे आणि पोथी वाचणे. तपस्विनीची स्थिती याहून बिकट; माहेर तिला घेत नाही आणि एकट्या स्त्रीला गाव घर देत नाही. अशांपैकी काही केवळ या कारणाने थांबतात, आणि त्यांच्या थांबण्याला वैराग्य म्हटले जाते. काही रात्री निघून जातात, मग त्यांचे नाव घेण्याचेच बंद होते.

महंतांनी येथे करण्यासारख्या गोष्टी लहान आहेत. अठरा वर्षांखालील मुलास दीक्षा न देता शाळा पूर्ण करू द्यावी. अनुसरलेल्याची जन्मनावाची कागदपत्रे आश्रमाच्या पेटीत नव्हे, त्याच्या स्वतःच्या हाती असावीत. जो जाऊ इच्छितो त्याला दिवसाउजेडी, चार माणसांदेखत, दंडवत करून जाऊ द्यावे. त्याने इतकी वर्षे येथे काढली असे दोन ओळींचे पत्र द्यावे, आणि काही महिने पोटापुरते पाहावे. आश्रमाच्या हिशेबात सुकाळाचा, उपहाराचा, जीर्णोद्धाराचा रकाना असतो. जाणाऱ्याच्या शिधोरीचा रकाना कोणत्या वहीत घालावा, हे त्या त्या आश्रमाच्या विश्वस्तांना ठरवावयाचे आहे.