खाडीपलीकडची बैठक

दारू सोडू पाहणाऱ्या माणसाने आपली ओळख झाकून ठेवावी काय? हा प्रश्न आम्हांला ग्रंथांत भेटला नाही. काही वर्षांपूर्वी तो आमच्याच ओटीवर येऊन बसला.

आमचे थोरले बंधू मद्याच्या पुरते आहारी गेले होते. वसईच्या आपल्या समाजात लग्न असो वा बाप्तिस्मा, पाहुण्यापुढे पेला ठेवण्याची रीत आहे. पिणारा सावरून घरी गेला तर तो शौकीन, गटारात पडला तर बेवडा. या दोन शब्दांच्या मधे आजारी माणसाला जागा नाही. नातेवाइकांनी चौकशी केली की आम्ही ‘कावीळ झाली आहे’ असे सांगत असू. ते आम्हांला खोटे वाटतही नव्हते, कारण घराण्याची अब्रू राखणे हे आम्ही कर्तव्य समजत होतो.

एके दिवशी डॉक्टरांनी बंधूंना ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’चा पत्ता दिला. आमच्या चर्चशेजारच्या शाळेतच या मंडळींची बैठक दर आठवड्यास भरत असे. बंधू मात्र गाडी पकडून खाडीपलीकडच्या एका समूहात जाऊ लागले. आम्हांला ते रुचले नाही. चांगल्या कामाला चोरासारखे का जावे, असे आम्ही बोलून गेलो. ते एवढेच म्हणाले, “कावीळ कुणी शोधून काढली, भाऊ?”

या चळवळीचा आरंभही शोधातूनच झाला. मे 1935 मध्ये अमेरिकेतील अॅक्रन शहरी बिल विल्सन नावाचा एक गृहस्थ हॉटेलात उभा होता. धंद्यात अपयश आले होते, दारू सोडून जेमतेम पाच महिने लोटले होते आणि समोर मद्यगृह उघडे होते. त्याने चर्चेसची यादी पाहून एका धर्मोपदेशकाला फोन लावला आणि बोलायला कुणी दारुडा मिळेल काय, अशी विचारणा केली. त्या धाग्याने तो डॉक्टर बॉब स्मिथ यांच्यापर्यंत पोहोचला. बॉब यांनी शेवटचा पेला घेतला तो 10 जून 1935 रोजी, आणि तोच दिवस संस्थेचा जन्मदिन मानला जातो. विल्सनने फोन केला तो उपदेश ऐकण्यासाठी नव्हे. दुसऱ्याला सावरण्यातच आपला तोल राहील, हे त्याला उमगले होते. पुढे 1940 मध्ये एडवर्ड डाउलिंग हे जेज्विट धर्मगुरू त्याला भेटले. बारा पायऱ्यांचे संत इग्नेशियसच्या आध्यात्मिक साधनेशी असलेले साम्य त्यांना जाणवले होते.

घरच्यांना प्रवेश असलेल्या एका खुल्या बैठकीस आम्ही गेलो. शाळेचे बाक, चहा, भिंतीवर पाढे. एकेक जण उभा राहून फक्त पहिले नाव सांगे, ‘मी मद्यपी आहे’ म्हणे आणि आपली कहाणी सांगे. आपल्याकडे माणूस भेटला की ‘कुठला? कोणाचा?’ हे आधी विचारतात. आडनावात गाव येते, वाडी येते, बापाची शेतीही येते. तेथे हे कुणी विचारले नाही. आडनाव उंबऱ्याबाहेर राहिल्यामुळे बँकेचा अधिकारी आणि होडीवरचा खलाशी एकाच बाकावर बसू शकत होते. प्रवेशाची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा.

पापनिवेदनाच्या जाळीआडही चेहरा झाकलेलाच असतो, हे आम्हांला तेव्हा आठवले. अर्थात हा संस्कार नव्हे, तेथे पापक्षमा कुणी देत नाही. ऐकणाऱ्यालाच पुढे उठून बोलावयाचे असते.

एक शंका मात्र मनात राहिली होती. पहिल्या पायरीवर माणूस दारूपुढे हतबल असल्याचे कबूल करतो. मग त्याची जबाबदारी संपली काय? सवयीमुळे कृत्याचा दोष कमी होऊ शकतो, असे 1992 चा धर्मशिक्षणग्रंथही मानतो. परंतु आठव्या व नवव्या पायरीवर ज्यांना दुखावले त्यांची यादी करून शक्य तेथे भरपाई करावी लागते. हतबलता पेल्यापुरती आहे, कर्जापुरती नाही. बंधूंनी एका रात्री वहिनींसमोर पाटल्या कुठे गेल्या ते सांगितले. वहिनींना ते ठाऊक होते. तरी त्या रडल्या, आणि आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. क्षमा लगेच मिळते असे समजणाऱ्यांनी हा आठवडा पाहावयास हवा होता.

स्वतःचे गुपित उघडे करण्याचा अधिकार ज्याचा त्याला; दुसऱ्याचे मात्र कुणी उघडू नये, हा या मंडळींचा दंडक. आमची कावीळ त्यात बसत नव्हती. मौन हे बंधूंच्या रक्षणासाठी होते, खोटे हे आमच्या. आत्याबाईंनी पुन्हा चौकशी केली तेव्हा आम्ही म्हणालो, “कावीळ नव्हती, आत्या. काय होते ते त्यांनाच विचारा.” त्यांनी विचारले की नाही, आम्हांला कळले नाही.

सुमारे वर्षाने बंधू गावातल्या बैठकीला जाऊ लागले. पहिल्या संध्याकाळी ते परतले तेव्हा बराच वेळ ओटीवर गप्प बसून होते. त्या शाळेत कोण कोण भेटले, हे त्यांनी आजवर सांगितलेले नाही. मिस्सेला बाकावर बसल्यावर आमची नजर कधी कधी भोवती फिरू लागते. मग आम्ही ती वेदीकडे वळवतो.