अंगण झाडणार कोण?

वास्तुकलेच्या महाविद्यालयात डिझाइन हा विषय फळ्यासमोर उभं राहून शिकवता येत नाही. त्याच्या वर्गाला स्टुडिओ म्हणतात. ओळीनं मांडलेली उतरती टेबलं, टी-स्क्वेअर, कटर, फेव्हिकॉलचा वास आणि जमिनीवर माउंट बोर्डाचे तुकडे. शिक्षक एकेका टेबलापाशी जाऊन बसतो. विद्यार्थी आपला बटर पेपर पसरतो, शिक्षक त्यावर दुसरा बटर पेपर ठेवून पेन्सिल चालवतो. कागद अर्धपारदर्शक असल्यानं काल काढलेलं आजच्या कागदाखालून दिसत राहतं. आता सगळं संगणकावर होतं, पण पहिले पंधरा दिवस मी अजूनही बटर पेपरचाच आग्रह धरतो. संगणकावर खोडलेली रेघ कायमची जाते आणि मुलांना वाटतं की ती आपण काढलीच नव्हती.

हे काम मी बावीस वर्षं करतो आहे. इथं जी गोष्ट सांगतो आहे ती माझ्या एका विद्यार्थिनीची आहे. तिचं नाव देत नाही. महाविद्यालयाचंही नाव देत नाही, कारण दोष द्यायचाच तर तो बराचसा माझ्याकडे येतो.

२०२२ सालचं सातवं सत्र होतं. कृष्णाकाठच्या एका गावातली जुनी वस्ती आम्ही साइट म्हणून घेतली होती. २००५ च्या आणि २०१९ च्या पुरात ही वस्ती पाण्याखाली गेली होती. नदीकाठच्या लोकांना निळी आणि लाल पूररेषा माहीत असते. पंचवीस वर्षांतून एकदा पाणी जिथवर येईल ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येईल ती लाल. नकाशावर त्या दोन रेघा इतक्या सहज ओढलेल्या दिसतात की त्यांच्यामध्ये कुणाचं न्हाणीघर आहे आणि कुणाची चूल, हे लक्षातच येत नाही. विषयपत्रिका, म्हणजे ज्याला आम्ही ब्रीफ म्हणतो, ती मी लिहिली होती. चौसष्ट कुटुंबांचं, गावापासून चार किलोमीटरवरच्या मुरमाड उंचवट्यावर पुनर्वसन. घर साधारण तीस चौरस मीटरचं. मला ती विषयपत्रिका चांगली वाटली होती. पाण्यात बुडणाऱ्या माणसांना कोरड्या जागेवर नेण्यात वाईट काय असणार?

ही मुलगी नदाफांची. वडील गाद्यांचा धंदा करतात, आजोबा खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव फिरलेले. योगायोग असा की त्या वस्तीत तिचे चुलते राहत होते. वर्गातली इतर मुलं साइट व्हिजिटला जाऊन फोटो काढून परतली. ही मात्र चाचीच्या घरी जेवून आली. तिला वाटलं, आपल्याला कुणाला काही विचारायची गरज नाही, आपल्याला हे सगळं आतून माहीत आहे. मलाही तसंच वाटलं.

तिचं पहिलं डिझाइन सुंदर होतं, हे मी आजही म्हणेन. आठ-आठ घरांचे झुबके, प्रत्येक झुबक्याच्या मध्ये सामाईक अंगण, अंगणात कडुलिंब. रस्त्याच्या बाजूला जाळीच्या भिंती, त्यातून आत पडणारी उन्हाची नक्षी. कापूस वाळवायला अंगण, बायकांना बसायला अंगण, शादीच्या मांडवालाही तेच अंगण. सेक्शन तर तिनं असा काढला होता की दुपारची सावली कागदावर थंड लागावी. सत्राच्या मधल्या जुरीत सगळ्यांनी कौतुक केलं. बाहेरून आलेले एक ज्येष्ठ वास्तुविशारद म्हणाले की हिच्या कामात हिची संस्कृती दिसते. असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली. जुरीत मी एकटाच मुसलमान, तेव्हा जाळी आणि कमान हे जणू माझं खातं. नंतर टेबलापाशी मी तिला सांगितलं, "अंगण सोडू नकोस. तीच तुझी ओळख आहे."

ती ते शीट घेऊन चाचीकडे गेली. विचारायला नव्हे, दाखवायला.

चाचीनं शीट निरखून पाहिलं. कुठलं घर आपलं ते विचारून घेतलं, मग म्हणाली, "आंगन कोन झाडेगा गे? तेरे सर आते क्या?"

मुलीनं हे मला हसत सांगितलं, पण ती पुरती हललेली होती. कारण त्यानंतर चाची तासभर बोलत होती. आठ घरांचं एक अंगण म्हणजे आठ घरांची रोजची भांडणं. पाण्याचं भांडं कुणाचं, कोंबडी कुणाची, कुणाचा मुलगा कुणाच्या दाराकडे बघत बसतो. जाळीतून धूळ येते आणि ती पुसायची कुणी? कापसाला ऊन हवं पण वारा नको, आणि मोकळ्या अंगणात वारा असतोच. तूस उडून शेजारच्या सालनात पडलं की पुन्हा भांडण. चाचीला हवा होता फ्लॅट. फरशीचा, एकच दार असलेला, आतून कडी लावता येईल असा. आयुष्यभर चार जणींच्या नजरेसमोर राहिलेल्या बाईला कडी लावता येणं ही केवढी चैन असते, हे माझ्यासारख्या माणसाला सुचलं नव्हतं. माझ्या लहानपणीच्या घरालाही अंगण होतं. ते कोण झाडत होतं हे मला पक्कं आठवतं. मी झाडत नव्हतो.

चाचा कोपऱ्यात सुईत दोरा ओवत बसले होते. शेवटी ते एवढंच म्हणाले की चार किलोमीटरवर गादी भरून घ्यायला कोण येणार.

पुढचे तीन आठवडे तिनं कागदामागून कागद फाडले. अंगणं गेली, जाळ्या गेल्या. उरली ती तीन मजली, सरळसोट, कुठल्याही गावात दिसेल अशी इमारत. मात्र जिना रुंद होता. चार बाय सहाची गादी दोन माणसांनी वळणावर न अडकता खाली आणावी इतका. गच्चीला वाऱ्याच्या बाजूनं उंच भिंत होती. घरांच्या दारांची तोंडं एकमेकांसमोर येणार नाहीत अशी तिनं ती सरकवली होती. आणि शेवटच्या शीटवर तिनं एक आगळीक केली होती. कापूस पिंजायचे गाळे तिनं नव्या जागेवर दाखवलेच नाहीत. ते जुन्या वस्तीतच, निळ्या रेषेबाहेर, खांबांवर उचलून बाजाराच्या रस्त्याला लावले होते. झोपायला उंचवट्यावर, कमवायला गावात.

अंतिम जुरीत पहिला प्रश्न आला, "कन्सेप्ट कुठं आहे?" दुसरा, "ही साधी म्हाडाची बिल्डिंग वाटते, यात तू कुठं आहेस?" तिसरा प्रश्न गाळ्यांचा. ब्रीफमध्ये साइट एक दिली असताना दुसरी जागा वापरायची परवानगी कुणी दिली? तिनं चाचीचं सांगितलं, चाचाचं सांगितलं. एक जण म्हणाले की क्लायंट म्हणेल तेच काढायचं तर वास्तुविशारद हवा कशाला. मग सगळे माझ्याकडे वळले. ब्रीफ माझं होतं. मी म्हणालो, "मधल्या जुरीपर्यंत काम चांगलं होतं."

माझं वाक्य तेवढंच. त्यात खोटं काही नव्हतं. शंभरातले चौपन्न गुण मिळाले तिला.

तेव्हापासून मला हसन फतही आठवत राहतात. फतही इजिप्तचे, जन्म १९००. लक्सरच्या पलीकडच्या तीरावर गुर्ना नावाचं गाव होतं. फराओंच्या काळातल्या सरदारांच्या कबरींवर लोकांनी घरं बांधली होती. कबरींतल्या वस्तू आणि येणारे प्रवासी यांवर बऱ्याच जणांचं पोट चालायचं. पुराणवस्तू खात्यानं ठरवलं की हे सुमारे सात हजार लोक तिथून उठवायचे. नवं गाव रचायचं काम १९४५ मध्ये फतहींकडे आलं. फतही मनानं मोठा माणूस. सिमेंट-लोखंड गरिबाला परवडत नाही म्हणून त्यांनी मातीच्या विटा घेतल्या. लाकडी साच्याचा आधार न घेता कमानी छत घालणारे नुबियाचे गवंडी आणले. मशीद, बाजार, शाळा, नाट्यगृह, सगळं आखलं. एका छापाची घरं नकोत, प्रत्येक कुटुंबाचं घर त्या कुटुंबासारखं असावं हा त्यांचा हट्ट होता. एवढं करून बहुतेक लोक गेलेच नाहीत. १९४८ मध्ये काम थांबलं, तोवर गावाचा एक भागच उभा राहिला होता. कुणीतरी बांध फोडून नवं गाव बुडवायचा प्रयत्न केला, असं फतहींनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्यांचं पुस्तक आज जगभरच्या वास्तुकला महाविद्यालयांत वाचलं जातं. मीही ते वाचायला देतो.

गुर्नाच्या अपयशाची कारणं सांगताना कुणी म्हणतं, घुमटाखाली मुडदे झोपतात अशी लोकांची समजूत होती. कुणी म्हणतं, माती हे त्यांना गरिबीचं लक्षण वाटायचं. असेलही. पण मला वाटतं, या सगळ्याच्या आधीचं एक पान कोरं आहे. घर कसं हवं याची चौकशी फतहींनी मनापासून केली असेल. जायचं आहे का, हा प्रश्न मात्र त्यांच्या हातात आलाच नव्हता. तो आधीच खात्याच्या कचेरीत सुटलेला होता.

आपल्याकडे मशवरा या शब्दाला मान आहे. कुराणातल्या एका सूरेचं नावच शूरा, म्हणजे सल्लामसलत. घरातल्या सोयरिकीपासून मशिदीच्या रंगापर्यंत आपण म्हणतो, बसून मशवरा करू. आणि बहुतेक वेळा बसण्याआधी सगळं ठरलेलं असतं. निकाहाच्या वेळी वकील आणि दोन साक्षीदार आतल्या खोलीत जाऊन मुलीला विचारतात. तिची कबुली ही शर्त आहे, तिच्याशिवाय निकाह नाही. ही मोठी गोष्ट आहे आणि आपण ती अभिमानानं सांगतोही. पण बाहेर मांडव भरलेला असतो, देगी चढलेल्या असतात, मुलाकडची बस येऊन उभी असते. त्या घटकेला नाही म्हणणारी मुलगी मी तरी पाहिलेली नाही. नाही म्हणता येत असताना जे विचारलं जातं त्याला मशवरा म्हणावं. बाकीच्याला काय म्हणावं, मला शब्द सापडत नाही.

माझी विषयपत्रिका तशी होती. कोरी साइट, चौसष्टचा आकडा, चार किलोमीटरचं अंतर. त्या चौकटीत मुलांनी लोकांना कितीही विचारावं, मी नेहमी म्हणतो की लोकांशी बोला. पण चाचांचा प्रश्न त्या चौकटीत बसत नव्हता, म्हणून तो जुरीत नियमभंग ठरला.

याला दुसरी बाजू आहे आणि ती मी सोडत नाही. चाचीनं फ्लॅट मागितला तो तरी तिचा स्वतःचा होता का? टीव्हीवरच्या मालिकेत, शहरातल्या नणंदेकडे तिनं इज्जतीची जी चित्रं पाहिली त्यांत अंगण नव्हतं. माणूस मागतो ते पुष्कळदा उसनं असतं. पुढं विजेचं बिल, तापलेला स्लॅब आणि बंद खोलीतला एकटेपणा आला की तीच चाची म्हणेल, त्या मुलीनं मागं झाड दाखवलं होतं. मग जाणत्या माणसानं तिच्या मागणीच्या पलीकडचं पाहू नये का? फतहींनी तेच केलं. मीही मुलीला तेच करायला सांगत होतो. फरक इतकाच की अंगणाची माझी मागणीही उसनीच होती, पुस्तकांतून आणि लहानपणातून आणलेली. दोन उसन्या मागण्यांमध्ये जिला तिथं राहायचं आहे तिची आधी धरावी, इतपत मी आलो आहे. त्यापुढं मला खात्री नाही.

बेलापूरला चार्ल्स कोरियांची १९८० च्या दशकातली घरं आहेत. मुलांना केस स्टडीसाठी आम्ही तिथं नेतो. तिथंही सात-सात घरांमध्ये एक छोटं अंगण आहे, पण कोरियांनी एक गोष्ट केली. कुणाची भिंत कुणाला लागून ठेवली नाही. ज्याला जेव्हा ऐपत येईल तेव्हा त्यानं आपलं घर वाढवावं. लोकांनी ते मनावर घेतलं. कित्येकांनी मूळ घर पाडून मजले चढवले, कौलं काढून स्लॅब घातला, ग्रिल ठोकली. दर वर्षी मुलं तिथं जातात आणि उरलेल्या जुन्या घरांचेच फोटो काढतात. शेजारचा तीन मजली गुलाबी बंगला फोटोत येऊ नये म्हणून वाकडी होऊन उभी राहतात. ही मुलगी त्या सहलीत एका गुलाबी घरात जाऊन जिना मोजत बसली होती. तेव्हा मी तिच्यावर वेळ घालवते म्हणून ओरडलो होतो. रुंद जिना तिथून आला असावा, हे मला फार उशिरा उमगलं.

गेल्या वर्षी एका लग्नाच्या निमित्तानं त्या गावी गेलो. वस्ती तिथंच आहे, कुणीही कुठं हललेलं नाही. भिंतींवर पाण्याच्या खुणा आहेत. २०१९ ची खूण माझ्या डोक्याच्या वर होती. ती पाहून पुनर्वसनाच्या बाजूनं माझं मन पुन्हा थोडं झुकलं, हेही सांगायला हवं. मुलगी आता पुण्यात नोकरी करते. चाचांच्या दुकानात गेलो तर त्यांनी मला ओळखलं नाही. पिंजणयंत्राच्या मागे भिंतीला तिचं एक शीट उलटं डकवलेलं होतं. पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं गिऱ्हाइकांची नावं आणि गाद्यांची मापं लिहिलेली. एक कोपरा सुटून वळला होता, त्यातून कडुलिंबाची थोडी सावली दिसत होती. म्हणजे ते पहिलं शीट होतं, मला आवडलेलं. चाचांनी विचारलं, "गादी की उशी?" मी दोन उशा भरून द्यायला सांगितल्या आणि तिथल्या बाकावर बसून राहिलो.