जीर्ण रथ आणि त्याचा धनी

‘जुनें तें सोनें’ आणि ‘नव्याचे नऊ दिवस’ या दोन्ही म्हणी जुन्याचाच कैवार घेणाऱ्या आहेत. परंतु त्या सोन्याची राखण करण्याचा खर्च कोणीं सोसावा, किती काळ सोसावा, आणि तो सोसणें केव्हां शहाणपण व केव्हां खुळेपण समजावें, याविषयीं दोन्ही म्हणी मौन धरतात. २०२३ सालच्या उन्हाळ्यांत हा प्रश्न आमच्या घरीं अगदीं जेवणाच्या पानावर उपस्थित झाला. आमचे चिरंजीव सुटी घेऊन पुण्याहून कोल्हापुरास आले होते. मोटारीच्या दुरुस्तीचें बिल त्यांच्या हातीं पडलें. तें वाचून त्यांनीं शांतपणें विचारलें, “बाबा, गाडी विकली तर एवढे तरी येतील का?” येणार नव्हते. बिल एक लाख चाळीस हजारांचें होतें, आणि गाडीला बाजारांत कोणी लाख रुपये देईल तर तो आमचा हितचिंतकच म्हणावा लागेल. आम्हीं त्या वेळीं उत्तर दिलें नाहीं. ताकाची वाटी पुढें ओढली. तें राहून गेलेलें उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

गाडीची हकीकत थोडक्यांत सांगावयास हवी. ती १९९८ सालची, एका नामांकित परदेशी घराण्याची, आणि एके काळीं एका कारखानदाराच्या दारीं हत्तीसारखी झुललेली. आम्हीं ती २००९ सालीं घेतली. आम्ही तिचे तिसरे धनी. एखाद्या नव्या लहान मोटारीस जें मोल त्या वेळीं पडे, तितक्यांतच ती मिळाली. आज तिच्या मापकावर चार लाख बारा हजार किलोमीटरांची नोंद आहे. ती घेण्यांत प्रवासाची सोय हाच हेतु होता असें आम्ही म्हणूं लागलों, तर ती आत्मवंचना होईल. पगारांत न बसणारें ऐश्वर्य उतरत्या भावानें पदरांत पडत आहे, ही गोष्ट मनाला गोड लागली होती.

येथेंच पहिला हिशेब चुकतो. जुन्या उंची मोटारीची किंमत वर्षागणिक घसरते; परंतु तिच्या सुट्या भागांची किंमत तिच्याबरोबर घसरत नाहीं. गाडी विकत घेणारा तिची आजची किंमत देतो. ती चालविणारा मात्र तिच्या जन्मकाळच्या इतमामाची किंमत देत राहतो. ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ ही म्हण जणूं अशाच व्यवहारासाठीं जन्मास आली असावी. वडिलोपार्जित वाडा ज्यांना मिळाला आहे त्यांना हें निराळें सांगावयास नको. वाडा फुकट मिळतो. त्याचीं कौलें फुकट मिळत नाहींत.

दुसरी गोष्ट आम्हांस पुष्कळ उशिरां कळली. यंत्र म्हातारें होतें म्हणजे नेमकें काय होतें? आमची कल्पना अशी होती कीं लोखंड झिजतें. वस्तुतः वेळेवर तेल बदलीत गेल्यास त्या गाडीचें इंजिन लाखों किलोमीटर विनातक्रार चालतें. आधीं म्हातारें होतें तें रबर. इंजिनाला पाणी पोंचविणारे होज-पाइप, चाकांचे हादरे गिळणारे बुश, तेल अडविणारीं सीलें, आणि विजेच्या तारांवरचें आवरण: उष्णतेनें हें सारें कडक होतें, त्याला भेगा जातात, आणि एके दिवशीं तें तुटतें. म्हणजे ज्या भागांमुळें गाडीची कीर्ति असते ते शेवटपर्यंत शाबूत राहतात, आणि ज्यांचें नांवही कोणी घेत नाहीं ते तिला रस्त्यांत बसवितात. संसाराचा आणि संस्थांचा अनुभव याहून वेगळा आहे काय? महाविद्यालयाची इमारत उभी असते, नांव उभें असतें. कोठें तरी एक कारकून निवृत्त होतो आणि सारें काम खोळंबतें.

अशा रीतीनें एकेक भाग बदलीत गेलों असतां चौदा वर्षांनीं एक शंका उद्भवते. ही तीच गाडी आहे काय? प्लुटार्कानें थीसियसच्या चरित्रांत अथेन्सच्या लोकांची हकीकत दिली आहे. त्या वीराचें तीस वल्ह्यांचें जहाज त्यांनीं जपून ठेविलें होतें. फळी कुजली कीं ती काढून नवी बसवीत. मग तें जहाज तेंच राहिलें कीं निराळें झालें, यावर तत्त्ववेत्ते वाद घालीत. सतराव्या शतकांत हॉब्जनें त्यांत आणखी एक पेंच घातला: काढलेल्या जुन्या फळ्या कोणीं जपून त्यांचेंच दुसरें जहाज बांधलें, तर खरें जहाज कोणतें? मुंबईस कुर्ल्याच्या भंगारबाजारांत गेलेल्या माणसाला हा पेंच पुस्तकांत वाचावा लागत नाहीं. आमच्या गाडीचा एक दरवाजा आणि सुकाणूचा एक भाग तेथूनच, मोडीत निघालेल्या दुसऱ्या दोन गाड्यांच्या देहांतून आलेला आहे.

आपल्याकडे हाच प्रश्न रथाच्या रूपानें आलेला आहे. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथांत भिक्षु नागसेन मिलिंद राजाला विचारतो कीं, तूं ज्या रथांतून आलास तो रथ म्हणजे आंस काय? चाकें काय? जूं काय? राजा प्रत्येक वेळीं नाहीं म्हणतो. शेवटीं असें ठरतें कीं या सर्वांच्या जुळणीला व्यवहारांत ‘रथ’ हें नांव आहे. त्यापलीकडे रथ म्हणून निराळी वस्तु नाहीं. नागसेनाचें उत्तर आम्हांस मान्य आहे. परंतु आमचें त्यानें पुरतें समाधान होत नाहीं. जुळणी आपोआप टिकत नाहीं. ती कोणी तरी रोज टिकवावी लागते. नागसेनाचा प्रश्न रथापुरता होता; आमचा प्रश्न रथ राखणाऱ्याविषयीं आहे.

या बाबतींत दोन परदेशी गृहस्थांचीं उदाहरणें लक्षांत घेण्याजोगीं आहेत. ग्रीस देशांतील थेसालोनिकी शहरांत ग्रेगोरिओस साखिनिदिस नांवाचे एक टॅक्सीचालक होते. त्यांची १९७६ सालची मर्सिडीज २४० डी ही गाडी सुमारें ४६ लाख किलोमीटर धांवली, आणि २००४ सालीं ती कारखान्याच्या संग्रहालयांत विसांव्यास गेली. तिचें इंजिन एकदां नव्हे, अनेकदां बदललेलें होतें. उलट अमेरिकेंतील आयर्व्ह गॉर्डन या शाळामास्तरांनीं १९६६ सालीं नवी घेतलेली व्होल्व्हो पी १८०० ही गाडी मूळच्याच इंजिनाची डागडुजी करीत २०१३ सालीं तीस लाख मैलांच्या पार नेली. २०१८ सालीं ते निवर्तले. एकानें हृदय बदललें, दुसऱ्यानें तें राखलें. तरी ‘तीच गाडी’ हा शब्द दोघांच्याही बाबतींत जगानें निःशंकपणें वापरला. याचा अर्थ आम्ही असा घेतों कीं वस्तूचें एकत्व तिच्या द्रव्यापेक्षां तिच्यावर चाललेल्या अखंड निगराणींत अधिक असतें. गीतेंत जीर्ण वस्त्रें टाकून नवीं घेण्याचा दृष्टांत आहे. तेथें बदलणाऱ्या वस्त्रांच्या आंत न बदलणारा देही असतो. मोटारींत असा देही शोधूं गेल्यास तो गाडीच्या आंत सांपडत नाहीं, बाहेर किल्ली हातांत घेऊन उभा असलेला दिसतो.

येथपर्यंत विचार आला म्हणजे मनुष्य स्वतःवर संतुष्ट होतो. आम्हीही झालों होतों. तो संतोष आंबा घाटानें उतरविला.

त्या वर्षींच्या एप्रिल महिन्यांत रत्नागिरीचें एक लग्नकार्य आटोपून आम्ही परत निघालों होतों. आमच्या मातोश्री मागच्या बाजूस बसल्या होत्या. त्यांचें वय ब्याऐंशी. साखरपा मागें टाकून चढण लागली, आणि उष्णतामापकाचा कांटा वर सरकूं लागला. आम्हीं तो पाहिला. माथा जवळ आहे, तेवढा गांठूं, असें मनांत म्हणून गाडी तशीच पुढें दामटली. थोड्याच वेळांत पुढून वाफेचा लोट उठला आणि गाडी थांबली. एक होज-पाइप फुटला होता. पाणी वाहून गेलें होतें. आणि कोरड्या इंजिनानें चढविलेल्या त्या थोड्याशा अंतरांत सिलिंडरचें हेड तापून वांकलें होतें. अंधार पडेपर्यंत मातोश्री रस्त्याकडेच्या दगडावर शाल पांघरून बसून राहिल्या. त्या रागावल्या नाहींत. एवढेंच म्हणाल्या, “अरे, तिला तहान लागली होती. ती सांगत होती. तूं ऐकत नव्हतास.”

गाडी ओढून कोल्हापुरास आणली. आमचे मिस्त्री उद्यमनगरांत तीस वर्षें काम करणारे. त्यांनीं तो फुटका पाइप आमच्या हातांत ठेविला आणि विचारलें, “सर, हा बदलायला मी किती वेळा सांगितलं?” दोन वेळां सांगितलें होतें. पाइपाची किंमत अठराशें रुपये होती. आम्हीं तें काम पुढें ढकललें होतें. आणि त्याच हिंवाळ्यांत दर्शनी लांकडी पट्टीला नवें पॉलिश व बैठकींना नवें चामडें यांसाठीं पंचवीस हजार रुपये मोजले होते. मिस्त्री पुढें म्हणाले, “तुम्ही गाडी दाखवायला ठेवलीय का चालवायला, तेवढं एकदा ठरवा. मग मला काम करायला बरं पडेल.”

आजपर्यंत आम्हीं तत्त्वज्ञानाचे पुष्कळ ग्रंथ शिकविले. परंतु निष्ठा आणि मिरवणूक यांतील भेद इतक्या थोड्या शब्दांत कोणीं सांगितलेला आठवत नाहीं. ज्या भागाकडे कोणाची नजर जात नाहीं त्याची वेळेवर निगा राखणें ही निष्ठा. जो भाग चारचौघांना दिसतो त्यावर खर्च करणें ही मिरवणूक. आणि आमच्या मिरवणुकीचें मोल आमच्या आईनें घाटांतल्या दगडावर बसून दिलें होतें.

आतां चिरंजीवांच्या प्रश्नाकडे वळूं. जुनी गाडी राखण्याच्या बाजूनें जीं कारणें सांगितलीं जातात, त्यांतील एक तर सपशेल लटकें आहे. ‘आजवर इतका पैसा घातला, आतां सोडायची कशी?’ हें तें कारण. गेलेला पैसा गाडी ठेवली तरी परत येत नाहीं आणि विकली तरी येत नाहीं. निर्णय पुढच्या पैशाचा करावयाचा असतो. दुसरें कारण क्यूबाचें. अमेरिकेनें १९६२ सालीं व्यापार बंद केल्यावर तेथील लोकांनीं १९५० च्या आसपासच्या अमेरिकन मोटारी मिळेल त्या भागांनीं, कित्येकदां परक्या डिझेल इंजिनांनीं, चालू ठेविल्या. त्या कौशल्याचें कौतुक करावें तितकें थोडें. परंतु त्यांना दुसरा मार्ग नव्हता. गरजेपोटीं केलेल्या काटकसरीचा मान हौसेनें मागूं नये.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे, कारण तो आमच्या खिशाचा नसून शेजाऱ्याच्या श्वासाचा आहे. आमच्या गाडीच्या जन्मानंतर दोन वर्षांनीं, २००० सालीं, नव्या मोटारींच्या धुरासाठीं देशभर युरोपीय धर्तीचे नियम आले. आणि २०२० च्या एप्रिलपासून ‘भारत स्टेज सहा’ हें पुष्कळच कडक माप लागू झालें. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनीं संपते आणि पुढें तपासणी करून पांच पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते, ती उगीच नव्हे. नवी गाडी घडवितांनाही पोलाद, कांच आणि कोळसा खर्ची पडतो, हें खरें. म्हणून जो मनुष्य वर्षाकाठीं थोडेंच फिरतो त्यानें जुनी नीट राखावी, यांत तथ्य आहे. जो रोज दूरवर फिरतो त्याला हा आधार घेतां येत नाहीं. आमचें प्रेम कितीही खरें असलें, तरी त्याचा धूर दुसऱ्याच्या मुलानें गिळावा असा हक्क त्या प्रेमाला नाहीं.

मग राखण्याच्या बाजूनें उरतें काय? आमच्या मतें दोन गोष्टी उरतात. एक मिस्त्रींची. वांकलेलें हेड उद्यमनगरांतल्या एका कारागिरानें यंत्रावर घासून सपाट करून दिलें. न मिळणारा एक बुश दुसऱ्यानें लेथवर कातून दिला. काढा आणि नवें बसवा, एवढेंच ज्याला शिकविलें आहे त्याच्या हातीं ही विद्या येत नाहीं. आणि दुरुस्त करून घेणारें गिऱ्हाईक नाहींसें झालें कीं ती एका पिढींत बुडते. दुसरी गोष्ट आमची स्वतःची. जुनें यंत्र धन्याला ऐकावयास शिकवितें. नवी वस्तु आपली सेवा करते आणि आपल्याकडून कांहीं मागत नाहीं. जुनी मागते, आणि मागतांना आधीं सूचना देते. ही संवय गाडीपुरतीच राहत नाहीं. मातोश्रींचे गुडघे गेलीं दोन वर्षें दुखत होते. त्या सांगत होत्या. आम्ही ‘वयोमानानें व्हायचेंच’ असें म्हणत होतों. घाटांतून परतल्यावर पुढच्याच आठवड्यांत आम्ही त्यांना वैद्याकडे घेऊन गेलों.

गाडीचें काय केलें? बिल भरलें. परंतु त्याबरोबर तीन गोष्टी वहींत लिहून ठेविल्या. पहिली, तपासणींत धुराचें माप ज्या दिवशीं बसणार नाहीं त्या दिवशीं ती रस्त्यावरून उतरावी. ओळखीनें प्रमाणपत्र आणूं नये. दुसरी, न दिसणारें काम बाकी असतांना दिसणाऱ्या कामावर एक रुपयाही खर्च करूं नये. तिसरी, कांटा वर गेला कीं थांबावें, मग माथा कितीही जवळ असो. चिरंजीवांनीं वही वाचली आणि म्हणाले, “बाबा, हे नियम गाडीसाठी कमी आणि तुमच्यासाठी जास्त आहेत.”

त्यांचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. वहीच्या खालीं मात्र त्यांनीं आपण होऊन सही केली आहे. आमच्या मागें हिशेब त्यांनाच ठेवावयाचा आहे.