मांडव उतरल्यावर काय उरतं, ते मोज

पाटोदा, जि. बीड

चि. बाळास,


तुझं पत्र पोचलं. क्रीडा व्यवस्थापनात पीएच.डी.ला प्रवेश मिळाला, हे वाचून घरात सगळ्यांना आनंद झाला. ‘खेळायचं सोडून खेळावर लिहून काय मिळणार?’ असं गावात कुणी विचारलं, तर त्याच्याशी वाद घालू नकोस. तू निवडलेल्या विषयाबद्दल मात्र मला बोलायचं आहे. 2036 चं ऑलिंपिक भारतात आलं तर देशाला काय मिळेल, हा तुझा विषय. तो चांगला आहे, पण त्याची सुरुवात तू दिल्ली-अहमदाबादहून करते आहेस. ती आपल्या तालुक्यातून व्हावी, असं मला वाटतं.

आधी मोठ्या स्पर्धांचं बघू. ऑक्टोबर 2024 मध्ये भारतानं 2036 साठी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीकडे इच्छापत्र पाठवलं. 2030 चे राष्ट्रकुल खेळ तर अहमदाबादला ठरलेच आहेत. म्हणजे येत्या काही वर्षांत लोकांचा पैसा स्टेडियममध्ये ओतला जाणार. अशा वेळी खर्चाकडे बघायला शिकलेली माणसं लागतात. मॉन्ट्रियलनं 1976 चं ऑलिंपिक भरवलं आणि त्याचं कर्ज फिटायला 2006 साल उजाडलं. ऑक्सफर्डच्या बेंट फ्लूबियर्ग आणि अ‍ॅलिसन स्टुअर्ट यांनी 1960 ते 2012 या काळातल्या ऑलिंपिकचे हिशेब तपासले. ज्यांचे आकडे मिळाले, त्यातलं एकही ऑलिंपिक ठरलेल्या खर्चात बसलेलं नव्हतं. महागाई वजा करूनही खर्च सरासरी 179 टक्क्यांनी वाढला होता. लॉस एंजेलिसनं 1984 मध्ये शिल्लक दाखवली, कारण तिथे बरीचशी मैदानं आधीपासून उभी होती. आपल्याकडे 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल खेळांवरचा कॅगचा अहवाल तू वाचला असशीलच. आधी कामं रखडवायची आणि मग घाईच्या नावाखाली कंत्राटं वाटायची, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.

पण खर्चाहून मोठा प्रश्न पुढचा आहे. मोठी स्पर्धा बघून पोरं आपोआप मैदानावर येतात, असं प्रत्येक यजमान शहर सांगतं. संशोधकांना त्याला भक्कम पुरावा सापडलेला नाही. लॉरेन्स चॅलिप या अभ्यासकाचं म्हणणं मला पटतं: स्पर्धेचा फायदा आपोआप मिळत नाही, तो मिळवण्याची आखणी आधीपासून करावी लागते. बालेवाडीचं संकुल 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं. 2008 चे युवा राष्ट्रकुल खेळ तिथेच झाले. पुण्याला त्याचा लाभ झाला, हे कबूल. बालाघाटच्या डोंगरावरच्या आपल्या गावांपर्यंत त्यातलं काय आलं, हे कुणी मोजलं आहे का?

आता आपला राहुल आवारे घे. पाटोद्याचा मुलगा, वडील पैलवान. 12 एप्रिल 2018 ला गोल्ड कोस्टला 57 किलोच्या अंतिम कुस्तीत त्यानं कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला 15–7 असं हरवलं आणि राष्ट्रकुलचं सुवर्ण आणलं. पुढच्या वर्षी, 2019 मध्ये, नूर-सुलतानच्या जागतिक स्पर्धेत राहुलला कांस्य मिळालं, पण ते 61 किलोत. हा वजनगट ऑलिंपिकमध्ये नाहीच. पुरुषांच्या फ्रीस्टाइलला ऑलिंपिकमध्ये सहाच गट आहेत आणि 57 नंतर थेट 65. मधल्या वजनाच्या पैलवानानं एक तर अंगातलं पाणी आटवायचं, नाही तर आपल्याहून जड गड्याशी लढायचं. गट किती ठेवायचे, हे आखाड्यात ठरत नाही, बैठकीच्या टेबलावर ठरतं. तुझं शास्त्र ज्याला व्यवस्थापन म्हणतं, ते पैलवानाच्या अंगावर असं येऊन पोचतं.

राहुल घडला तो पुण्यात, आधी रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदारांच्या आणि नंतर काका पवारांच्या हाताखाली. शेजारच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे फौजेत गेला आणि तिथे धावपटू झाला. 2022 ला बर्मिंगहॅममध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याचं सुवर्ण 0.05 सेकंदानं हुकलं. पण 1998 ते 2018 पर्यंत या शर्यतीतली तिन्ही पदकं दर वेळी केनियाच नेत होता, ती साखळी त्यानं तोडली. दोघांचाही मला मनापासून अभिमान आहे. पण दोघांनाही जिल्हा सोडावा लागला. ज्यांना सोडता आला नाही, त्यांची नावं कुठल्याच प्रबंधात नाहीत.

ही पोरं मला माहीत आहेत, कारण शाळेतल्या नोकरीभर मी त्यांना स्पर्धांना नेलं. शालेय स्पर्धा पावसाळ्यात तालुक्याला सुरू होतात, मग जिल्हा, विभाग, राज्य अशा वर चढत जातात. त्याच सुमाराला ऊसतोडीसाठी मुकादमाची आगाऊ उचल घेतलेली कुटुंबं गाव सोडू लागतात. दसरा-दिवाळीला कारखाने सुरू होतात आणि आई-बापांबरोबर पोरगंही ट्रॅक्टरवर बसतं. तालुक्याला पहिलं आलेलं पोर विभागीय स्पर्धेच्या दिवशी कुठल्या तरी उसाच्या फडाजवळच्या कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळत असतं. मुलींचं तर त्याहून वाईट: मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची म्हणून लग्नच उरकतात. अशा किती मुली शर्यतीतून कायमच्या बाहेर गेल्या असतील! शाळेच्या पटावरची हजेरी आणि स्पर्धांचे निकाल शेजारी ठेवून बघ. एवढंच काम झालं, तरी तुझ्या पदवीचं चीज होईल.

याउलट आपल्या यात्रेचं वेळापत्रक बघ. चैत्र-वैशाखात, पट्टा पडून माणसं गावी परतल्यावर कुस्त्यांचा फड भरतो. वर्गणी गोळा होते, इनामं आधीच जाहीर होतात. सकाळी रेवड्यांवर बारकी पोरं लढतात आणि दुपारनंतर शेकड्यांच्या, हजारांच्या कुस्त्या लागतात. वस्ताद नुसत्या नजरेनं दोघांचं अंग तोलून जोड लावतात, हलगी कडाडते, हरलेल्यालाही काही ना काही देऊन पाठवतात. मैदानासाठी कर्ज काढावं लागत नाही, दुसऱ्या दिवशी तिथे पुन्हा शेत असतं. लोकांच्या सवडीला धरून स्पर्धा कशी भरवायची, हे यात्रा समितीला कुणी शिकवलेलं नाही.

पण म्हणून यात्रेची आरती ओवाळू नकोस. फडाशेजारी डॉक्टर नसतो, खांदा निखळलेल्या पोराचा विमा नसतो. बऱ्याच गावांत मुलींची कुस्ती अजून लागत नाही. वर्गणीचा हिशेब एका वहीत असतो आणि ती वही समिती बदलली की सापडत नाही. यातलं प्रत्येक काम व्यवस्थापनाचं आहे आणि थोडक्या पैशांत सुधारण्यासारखं आहे. सरकारनं तालुका तिथे क्रीडा संकुल ही योजना आणली, चांगलं केलं. आता त्या संकुलांमध्ये वर्षातले किती दिवस कोण खेळतं, मार्गदर्शक कोण, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, मॅट आहे की नुसती पाटी, हे तू स्वतः जाऊन बघ. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार हे तीन तालुके पुरे झाले.

तुझे मार्गदर्शक म्हणतील, विषय फार छोटा होतो. त्यांना नम्रपणे सांग, की 2036 ला ज्याला अठरा-वीस वर्षं पूर्ण होतील, ते पोर आज प्राथमिक शाळेत आहे आणि येत्या दिवाळीनंतर वर्गात असेल की कोपीत, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. देशानं मोठी स्पर्धा मागावी, माझा तिला विरोध नाही. मात्र तिच्या खर्चाचा एक हिस्सा या पोरांच्या हंगामी वसतिगृहांना आणि तालमींना आधीच बांधून द्यावा, असं आकड्यांसह सांगणारं माणूस हवं आहे. ते तू हो.

चैत्रात ये. यात्रा समितीतल्या जुन्या माणसांशी मी बोलून ठेवतो, जुन्या वह्या सापडतील तेवढ्या काढायला लावतो. आणि प्रबंध इंग्रजीत लिहावा लागला, तरी तो मराठीतही कर. एक प्रत तालुका क्रीडा अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेव, एक तालमीत ठेव आणि एक मुकादमालाही वाचायला दे.

तुझे,
आजोबा