तालमीची किल्ली

समोर चकल्या-करंज्यांचे ताट असताना व्यायामाचा विषय काढणे हा अरसिकपणा आहे, हे मला कळते. पण काय करावे? गेले दोन महिने आमच्या गावात दुसरा विषयच नाही. दूध संस्थेच्या रांगेत तोच, देवळाच्या कट्ट्यावर तोच, आणि सलूनमध्ये तर वस्तरा थांबवून तोच. गावाने व्यायामशाळा बांधावी की नाही, आणि बांधायची तर ती गावाला परवडेल काय?

आमचे गाव कोल्हापूरच्या बाजूचे, अडीच-तीन हजार वस्तीचे. ग्रामसभेत तरुण पोरांनी अर्ज दिला, त्याला नऊ लाखांचे अंदाजपत्रक जोडलेले. पत्र्याची शेड, लोखंडी यंत्रे, खाली रबर, आणि तिन्ही भिंतींना आरसे. आरसे म्हणताच म्हातारी मंडळी खो खो हसली. मी हसलो नाही. आमच्या जुन्या तालमीतही पारा उडालेला एक आरसा होता, आणि दंडावरची बेटकुळी पाहण्यासाठी त्याच्यापुढे आमचीही रांग लागत असे.

पैशाची गोष्ट थोडक्यात सांगतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी पंचायतींना जो निधी दिला, त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छता यांना बांधलेले होते. उरलेल्या ४० टक्क्यांत गावाने आपली निकड आपण ठरवायची. त्या चाळिसावर आमच्याकडे अंगणवाडीचे गळके छप्पर, रस्त्यावरचे दिवे आणि स्मशानातली शेड अशी मंडळी नेहमीच टपून असत. व्यायामशाळेला क्रीडा खात्याचे अनुदानही मिळते म्हणा. पण अनुदान भिंतींना मिळते. पुढे विजेचे बिल येते, यंत्राची दोरी तुटते, पावसाळ्यात लोखंडाला गंज चढतो, आणि त्या गंजासाठी कोणत्याही खात्यात अर्जाचा नमुना नसतो. शेजारच्या गावात उघड्यावर बसवलेल्या यंत्रांवर आज गोधड्या वाळत घातलेल्या दिसतात.

"शेतकऱ्याला कशाला हवा व्यायाम?" असे एका जुन्या जाणत्याने विचारले. प्रश्न रास्त वाटतो, पण आता तो खरा राहिलेला नाही. मोट गेली, नांगराला ट्रॅक्टर आला, ऊस तोडायला बीडकडच्या टोळ्या येतात, आणि आम्ही बांधापर्यंतसुद्धा मोटारसायकलवर जातो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या मधुमेह्यांचा आकडा १० कोटींच्या वर गेला. आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांचे प्रमाण खेड्यात आणि शहरात जवळजवळ सारखेच निघाले. आमच्या गल्लीत साखरेची गोळी घेणारी घरे मोजायला दोन्ही हातांची बोटे पुरत नाहीत.

मग मी उठलो. निवृत्त मास्तराला सभेत उठायला निमित्त लागत नाही. मी म्हणालो, "परवडते का, हा प्रश्न आपण सगळ्याच गोष्टींना विचारतो काय? देवळाच्या कळसाला वर्गणी पडली तेव्हा विचारला? लग्नात दोन हजार पाने उठवली तेव्हा विचारला?" माणसे हलली. मग मी खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितली. कराडजवळच्या गोळेश्वर या खेड्यातला हा पैलवान. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायला पैसा नव्हता, तेव्हा लोकांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा ब्राँझ पदक घेऊन आले. स्वतंत्र भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. "तेव्हा तरी ते परवडणारे होते काय?" असे विचारून मी खाली बसलो. टाळ्या पडल्या. खरे सांगायचे तर मला त्या गोड लागल्या.

टाळ्या ओसरल्यावर बायकांच्या बाजूने एक आक्का उभ्या राहिल्या. चौथीपर्यंत माझ्याच हाताखाली शिकलेल्या. आता नातवंडे आहेत.

"समदं खरं, गुरुजी. पण किल्ली कुणाकडं ऱ्हाणार?"

लोक हसले. मला मात्र हसू आले नाही, आणि उत्तरही आले नाही. सभा दिवाळीनंतर पुन्हा भरवायची ठरली.

का आले नाही, ते सांगायला पाहिजे. आमची जुनी तालीम मारुतीच्या देवळामागे होती. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या कृपेने १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे राहिले, त्या वाऱ्यावर आसपासच्या खेड्यांतही तालमींना जोर आला असावा. आमची त्यांतलीच एक. हौद्यात तांबडी माती. तिच्यात ताक, तेल, हळद आणि लिंबाचा रस घालायचा. ताक ज्याच्या घरी घुसळण असेल त्याने आणायचे, तेल घाण्यावरून यायचे, माती चाळायची आम्ही पोरांनी. माझे थोरले चुलते वस्ताद. पहाटे चारला कंदील घेऊन ते निघत, ते उजाडेपर्यंत जोर-बैठका मोजत उभे असत. पैसा कुणाकडून एक घेतला नाही.

म्हणून गाव आजही म्हणते, जुनी तालीम फुकट होती. ती फुकट नव्हती. तीस-पस्तीस वर्षे एका माणसाची पहाटेची झोप तिच्यात गेली. आणि त्याच्या वाटणीचे शेतातले काम, वैरण, धारा, हे माझ्या चुलतीने ओढले. तालमीच्या भिंतीवर वस्तादांचा फोटो होता. चुलतीला मी त्या दाराच्या आत कधी पाहिले नाही.

१९८१ च्या पावसाळ्यात चुलते गेले. किल्ली आमच्या घरी आली आणि देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवर बसली. मी तेव्हा तिशीतला. अंगात रग होती, गावातल्याच शाळेत नोकरी होती. महिनाभर मी पहाटे दार उघडले. मग एक दिवस पाऊस होता म्हणून राहिले. मग परीक्षा आल्या. मग मुलगी तापाने आजारी पडली. पोरे दाराशी येत, कुलूप पाहत आणि परत जात. कुणी माझ्याशी भांडले नाही, हे त्यातले सर्वांत वाईट. दोन-तीन पावसाळ्यांत आढे खचले, हौद्यात गवत उगवले. तालीम पैशावाचून पडली असे मी पुढे कित्येक वर्षे सांगत आलो, आणि मलाही ते पटत गेले. खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकले होते. मी ग्रामसभेत जे सढळपणे देऊन टाकत होतो, ते पंचायतीचे होते.

आणखी एक गोष्ट वगळली तर हे लिहिणे खोटे होईल. ओढ्यापलीकडच्या वस्तीतली पोरे त्या हौद्यात उतरल्याचे मला आठवत नाही. त्यांना कुणी मनाई केली नव्हती. पण कुणी बोलावलेही नव्हते. मातीला जात नसते, असे चुलते म्हणत, आणि मनापासून म्हणत. पण किल्ली आमच्या खुंटीवर होती. आक्कांच्या मनात हेच होते की नाही, मी त्यांना विचारलेले नाही. त्यांचे माहेर ओढ्यापलीकडचे, एवढे मला ठाऊक आहे.

परवा मी त्यांच्या घरी गेलो. फराळाची गडबड चाललेली, अनारशाचे पीठ परातीत. मी म्हटले, "आक्का, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला एकट्याला देता येत नाही." त्या म्हणाल्या, "मग कागूद काढा." आम्ही कागद काढला. पहाटे पाच ते सात पोलीसभरतीची तयारी करणारी पोरे. त्यांच्यातले दोघे आळीपाळीने किल्ली घ्यायला तयार आहेत, त्यांतला एक ओढ्यापलीकडचा. पहाटे बायकांना जमायचे नाही, त्या वेळी धारा असतात, डबे असतात. त्यांना दुपारी दोन ते चार. संध्याकाळी म्हातारी माणसे, गुडघ्यांसाठी. तिथे मी माझे नाव घातले, बुधवार सोडून. बुधवारी बाजार असतो. यंत्रे निम्मी करून त्या पैशात जुन्या हौद्याची माती बदलावी, असे पोरांना मी सुचवले आहे. ते अजून गाल फुगवून बसले आहेत.

दुपारच्या वेळेपुढे आक्कांनी आपले आणि सुनेचे नाव लिहायला सांगितले. आठवड्याला निदान चौघी हव्यात. दोन जागा अजून मोकळ्या आहेत, आणि सभा भाऊबीजेनंतरच्या रविवारी आहे.