सरासरीतला मेंदू

एमआरआय यंत्रात माणूस आठ-दहा मिनिटे स्वस्थ पडून असतो. त्याला काहीही करायला सांगितलेले नसते. यंत्र साधारण दर दोन सेकंदांनी त्याच्या सबंध मेंदूचे चित्र टिपते आणि जागोजागच्या रक्तातील ऑक्सिजनचा चढउतार नोंदवत राहते. १९९५ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या वैद्यकीय महाविद्यालयात भरत बिस्वाल या तरुण संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की माणूस असा निवांत असतानाही हातांच्या हालचाली घडवणारे मेंदूचे डावे आणि उजवे भाग एकाच लयीत वरखाली होत असतात. तोवर हा चढउतार निव्वळ गोंगाट समजून बाजूला सारला जात होता. आज त्यावर एक मोठी ज्ञानशाखा उभी आहे. नैराश्य, स्किझोफ्रेनिया, स्वमग्नता, स्मृतिभ्रंश अशा जवळपास प्रत्येक विकाराबद्दल ‘रुग्णांच्या मेंदूत अमुक दोन भागांमधली जोडणी कमी आढळली’ किंवा ‘वाढलेली आढळली’ असे निष्कर्ष नियमाने प्रसिद्ध होतात.

या जोडणीला तार नसते. मेंदूच्या दोन भागांचे दहा मिनिटांचे दोन आलेख घ्यायचे आणि ते किती बरोबरीने हलतात हे मोजायचे, इतकेच घडते. पुन्हा हे आलेख चेतापेशींचे नसून रक्ताचे असतात. पेशी कामाला लागल्यावर पाच-सहा सेकंदांनी रक्तातला बदल टोक गाठतो. दोन भाग तिसऱ्याच कुणाच्या तालावर हलत असले, तरी त्यांच्यात जोडणी दिसते. हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही सॉफ्टवेअरने पडद्यावर मेंदूच्या दोन ठिपक्यांना जोडणारी लाल रेघ काढली, की ठाऊक असलेले मागे पडते आणि डोळ्यांना रस्ता दिसू लागतो.

मला काळजी वाटते ती या रेघेपासून आकड्यापर्यंतच्या प्रवासाची. लंडनमध्ये घडलेले एसपीएम, ऑक्सफर्डचे एफएसएल, अमेरिकेतले एएफएनआय आणि मुख्यतः जोडणीच्याच अभ्यासासाठी बनवलेले कॉन ही सगळी सॉफ्टवेअरे फुकट मिळतात, आणि तो या विद्याशाखेचा मोठेपणा आहे. त्यांत काम दोन पायऱ्यांनी चालते. पहिल्या पायरीवर प्रत्येक माणसाचे सहसंबंध, म्हणजे दोन आलेख किती बरोबरीने हलतात याचे आकडे, काढले जातात आणि सरासरी काढण्याजोगे व्हावेत म्हणून फिशरच्या सूत्राने बदलून घेतले जातात. दुसऱ्या पायरीवर या माणसांचे गट होतात, गटांच्या सरासऱ्यांची तुलना होते आणि फरक किती ठळक हे सांगणारे टी-मूल्य व तसा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता सांगणारे पी-मूल्य हाती येते. त्यानंतर संशोधक आणखी एक गोष्ट करतो. पडद्यावर उजळलेला बिंदूंचा किंवा जोड्यांचा पुंजका निवडून तो प्रत्येक माणसामागे एक आकडा बाहेर काढतो. कॉनमध्ये त्यासाठी एक बटण दाबणे पुरते. हे आकडे तक्त्यात येतात, त्यांचे स्तंभालेख होतात आणि पुढची सगळी चर्चा त्यांच्याच आधारे चालते.

माझ्या मते या आकड्यांचा खरा उपयोग एकच, निकाल समजून घेणे. समजा वीस रुग्ण आणि वीस निरोगी माणसे आहेत. आतल्या विचारांशी निगडित असलेल्या डिफॉल्ट मोड नेटवर्कचा एक भाग आणि बाहेरच्या जगाकडे लक्ष देणारा दुसरा भाग यांच्यातली जोडणी तपासायची, हे आधीच ठरले आहे. सॉफ्टवेअर सांगते, रुग्णांमध्ये ती जास्त आहे, टी २.५३, पी ०.०२ च्या आत. पडद्यावर लाल रंग येतो. शोधनिबंधात वाक्य पडते, ‘रुग्णांमध्ये जोडणी वाढलेली आहे.’ आता प्रत्येकाचा आकडा बाहेर काढून पाहा. निरोगी गटाची सरासरी उणे ०.२५ आणि रुग्णांची उणे ०.०५ निघाली, तर वाढले असे काय? निरोगी माणसांत हे दोन भाग एकमेकांच्या उलट हलतात आणि रुग्णांत ती उलट चाल जवळजवळ मावळली आहे. जोडणी खरोखर वाढली असो वा उलट चाल मावळली असो, टी-मूल्य तेच येते, पण आजाराबद्दलची कथा पूर्ण बदलते.

त्यातही ते उणे चिन्ह कुठून आले हे विचारावे लागते. २००५ मध्ये सेंट लुईसच्या संशोधकांनी मेंदूतली अशी दोन जाळी (नेटवर्क) परस्परांच्या उलट चालतात असे मांडले, तेव्हा ती कल्पना सर्वांना भावली. २००९ मध्ये केव्हिन मर्फी आणि सहकाऱ्यांनी गणिताने दाखवले, की डेटाच्या सफाईसाठी सबंध मेंदूचा सरासरी संकेत प्रत्येक भागातून वजा केला, तर काही सहसंबंध उणे निघणे अटळच असते. म्हणजे उणे ०.२५ मधले किती मेंदूचे आणि किती वजाबाकीचे, हे सफाईची कोणती पद्धत निवडली होती त्यावर ठरते. ही पद्धत सांगणारी निबंधाच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरांतली ओळ निष्कर्षाइतकीच महत्त्वाची आहे.

आकडे बाहेर काढून पाहणे जितके आवश्यक, तितकेच त्यांच्या आधारे पुन्हा काही सिद्ध करू पाहणे चुकीचे. शेफर या संशोधकाच्या नकाशाप्रमाणे मेंदूच्या बाह्यपटलाचे ४०० भाग केले, तर जोड्या होतात ७९,८००. कुठेही काहीच फरक नसला, तरी पी-मूल्याच्या ०.०५ या उंबरठ्यावर सुमारे ३,९९० जोड्या निव्वळ योगायोगाने ‘महत्त्वाच्या’ ठरतील. म्हणून सॉफ्टवेअर उंबरठा कडक करते. पण कडक उंबरठा ओलांडून आलेला पुंजका मुळातच मोठ्या फरकासाठी निवडलेला असतो. त्यातूनच आकडे काढून ‘फरक किती मोठा आहे पाहा’ म्हणणे म्हणजे वर्गातली पहिली पाच मुले निवडून त्यांच्या गुणांवरून शाळेचा दर्जा सांगणे. २००९ मध्ये निकोलाउस क्रीगेस्कॉर्टे आणि एडवर्ड व्हुल यांनी वेगवेगळ्या लेखांतून हा दोष उघड केला, तेव्हा बरीच आदळआपट झाली. तरीही त्याच डेटातून पुंजका शोधायचा आणि त्याच डेटात त्याची ताकद मोजायची, ही सवय मोडलेली नाही. ज्या पुंजक्यावर अनुमान झाले, तो पुंजकाच सिद्ध झालेला असतो. त्यातली एकेक जोडी किंवा एकेक बिंदू सुटेपणाने सिद्ध होत नाही, हेही वाचताना विसरले जाते.

खुद्द उंबरठ्याचे गणितसुद्धा तपासत राहावे लागते. २०१६ मध्ये अँडर्स एकलुंड, टॉमस निकल्स आणि हान्स क्नुटसन यांनी ४९९ निरोगी माणसांचे विश्रांतीतले स्कॅन घेतले, त्यांचे वाटेल तसे गट पाडले आणि प्रचलित सॉफ्टवेअरकडून तुलना करवली. फरक मिळायलाच नको होता. पुंजक्यांवर आधारलेल्या काही पद्धतींनी मात्र पाच टक्क्यांऐवजी सत्तर टक्क्यांपर्यंत वेळा तो दाखवला.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती २०१२ ची एक घटना. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या सेंट लुईसमधल्या गटाने पूर्वी असे मांडले होते, की मूल मोठे होताना मेंदूतल्या जवळच्या भागांमधली जोडणी सैल होते आणि दूरच्या भागांमधली घट्ट होते. कल्पना सुंदर होती आणि ती सर्वत्र पसरली. मग त्याच गटातल्या जोनाथन पॉवर यांनी सहकाऱ्यांसह दाखवले, की यंत्रात डोके मिलिमीटरच्या काही अंशांइतके हलले, तरी नेमका असाच आकृतिबंध तयार होतो. जवळची जोडणी फुगते आणि दूरची घटते. लहान मुले मोठ्यांपेक्षा जास्त हलतात, म्हणून वयाचा परिणाम समजल्या गेलेल्या गोष्टीतला काही भाग हालचालीचा होता. आपणच रचलेली इतकी देखणी मांडणी अशी जाहीरपणे तपासायला घ्यायला धैर्य लागते. रुग्ण आणि निरोगी यांच्या प्रत्येक तुलनेला हालचालीचा हाच प्रश्न लागू आहे, कारण अस्वस्थ, वेदनाग्रस्त किंवा कंप असलेला माणूसही जास्त हलतो. काढलेल्या आकड्यांच्या शेजारी प्रत्येकाच्या हालचालीचा रकाना नसेल, तर त्या आकड्यांवर मी विश्वास ठेवणार नाही.

हे सगळे नीट पार पडले तरी एक प्रश्न उरतो. तो रुग्णाच्या घरच्यांचा आहे. गटाबद्दल खरे असलेले आमच्या या माणसाबद्दल कितपत खरे? संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी पोषणाच्या संदर्भात हा प्रश्न हट्टाने लावून धरला होता. एकाच निरोगी माणसाची गरज दिवसागणिक बदलते, मग सरासरी गरजेच्या खाली दिसणारा प्रत्येक जण कुपोषित कसा म्हणायचा? त्यांच्या आकडेवारीवर कडाक्याचे वाद झाले, पण माणसामाणसांतला फरक आणि एकाच माणसातला फरक वेगळे ठेवा, हा त्यांचा आग्रह मेंदूच्या अभ्यासाला आजही हवा आहे. सेंट लुईसच्याच ‘मिडनाइट स्कॅन क्लब’ने दहा जणांचे दहा-दहा वेळा स्कॅन केले आणि प्रत्येकाचा विश्रांतीतला पाच तासांचा डेटा जमवला. त्यात प्रत्येकाच्या जाळ्याची स्वतःची ठेवण दिसली, जी गटाच्या सरासरीत पुसली जाते. २०२२ मध्ये स्कॉट मारेक आणि सहकाऱ्यांनी सुमारे ५०,००० माणसांच्या डेटावरून दाखवले, की बुद्धी किंवा मानसिक स्वास्थ्य यांतल्या फरकांशी जोडणीचे नाते भरवशाने सांगायचे, तर हजारो माणसे लागतात. या प्रकारच्या अभ्यासांत तोवर पंचवीसच्या आसपास माणसे असत.

वीस रुग्ण आणि वीस निरोगी माणसांच्या वरच्या उदाहरणाकडेच पुन्हा पाहू. प्रत्येक गटात आकड्यांचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, ०.२५ धरले, तर २.५३ हेच टी-मूल्य येते. निबंध प्रसिद्ध व्हायला ते पुरेसे आहे. पण एक रुग्ण आणि एक निरोगी माणूस अशा १०० जोड्या चिठ्ठ्या टाकून निवडल्या, तर साधारण ७१ जोड्यांत रुग्णाचा आकडा वरचा असेल आणि २९ जोड्यांत निरोगी माणसाचा. ‘आमच्या मुलाच्या मेंदूतली जोडणी बिघडली आहे का?’ असे आई-वडील विचारतात, तेव्हा त्यांच्यासमोर फक्त दोन गटांचे दोन स्तंभ ठेवणे अन्यायाचे आहे. एका मुलाच्या दहा मिनिटांच्या स्कॅनवरून त्याच्या विकाराचे निदान करणारा रंगीत नकाशा पैसे घेऊन देणे तर मला अक्षम्य वाटते. निबंधांत स्तंभांच्या जागी चाळीसच्या चाळीस ठिपके छापावेत, शून्याची रेघ स्पष्ट दाखवावी आणि कोणती जोडणी तपासायची हे डेटा पाहण्याआधी ठरले होते की नंतर, ते आकृतीखालीच लिहावे. हे करायला नवे सॉफ्टवेअर लागत नाही. आकडे त्याच तक्त्यात असतात.